काम हातातून सुटत नसेल तर: परफेक्शनिझम तुम्हाला कुठे पकडतो ते आधी ओळखा

माझ्या कपाटात तळाशी एक वॉटरकलरचा कागद जपून ठेवलाय. 300 जीएसएमचा जाड कागद, त्यावर शेजारच्या आजींचा चेहरा. उजवा डोळा, गाल, कपाळावरच्या सुरकुत्या सगळं छान उतरलंय आणि डाव्या डोळ्याच्या जागी मात्र कागदाची लव निघालीय, बोट फिरवलं की कापसासारखं लागतं. झालं असं की तो डोळा मला किंचित मोठा वाटला, म्हणून ओल्या ब्रशने रंग उचलला, टिश्यूने टिपला, परत रंगवला. मग तो गडद वाटला म्हणून परत उचलला, परत रंगवला तर पापणी जाड झाली. पाचव्या वेळी कागदाचा वरचा थरच सुटला आणि त्याच्या बारीक वळ्या ब्रशला चिकटून यायला लागल्या, तेव्हा कुठे मी थांबले. रात्रीचे दोन वाजले होते आणि मला रडू फुटलं होतं.

दुसऱ्या दिवशी फोन चाळताना त्याच चित्राचा फोटो दिसला, मीच काढलेला, रात्री साडेनऊचा. त्या फोटोत चित्र झालेलं होतं. डोळा किंचित मोठा होता, हो, पण चेहरा जिवंत होता, आजी माझ्याकडे बघत होत्या. म्हणजे साडेनऊ ते दोन असे साडेचार तास मी एक झालेलं चित्र मोडत बसले होते आणि पूर्ण वेळ मला वाटत होतं की मी ते सुधारतेय.

त्या फोटोपासून मी हा विषय मनावर घेतला. वाचलं, स्वतःवर प्रयोग केले, चित्र शिकवताना बाकीच्यांचं बघितलं, गाणारे, लिहिणारे मित्रमैत्रिणी आहेत त्यांना खोदून खोदून विचारलं. आणि एक गोष्ट लक्षात आली की परफेक्शनिझम, म्हणजे सगळं निर्दोषच व्हावं हा हट्ट, सगळ्यांना एकाच जागी पकडत नाही. कोणाला सुरू करण्याआधीच अडवतो, कोणाला मध्यावर, कोणाला शेवटी, कोणाला काम झाल्यावर लोकांना दाखवताना. आणि प्रत्येक जागेचा उपाय वेगळा आहे. शेवटी अडकणाऱ्या माणसाला "अरे सुरुवात तर कर" सांगून काय उपयोग, त्याने सुरुवात कधीच केलीय, त्याला सोडवत नाहीये.

आधी एक फरक

चांगलं काम करायची ओढ म्हणजे परफेक्शनिझम नाही, हे पहिल्यांदा डोक्यात नीट बसवून घ्या, कारण बहुतेक कलाकार परफेक्शनिझम सोडायला घाबरतात ते याचसाठी की तो सोडला तर आपलं काम ढिसाळ होईल. मानसशास्त्रात हा फरक खूप आधीच केलेला आहे. डॉन हॅमाचेक यांनी 1978 मध्येच दोन प्रकार मांडले होते, एका प्रकारच्या माणसाला मेहनतीतून आनंद मिळतो आणि गरज पडली तर तो थोडं ढिलं सोडू शकतो, दुसऱ्याला कितीही केलं तरी समाधान मिळतच नाही. अलीकडे पॅट्रिक गॉड्रो यांनी हेच अजून स्पष्ट करून मांडलंय, उत्कृष्टतेचा ध्यास वेगळा आणि निर्दोषपणाचा हट्ट वेगळा. पहिल्यात माणूस उंच पण पोचता येईल अशा जागी बघून चालतो आणि पोचला की त्याला कळतं, दुसऱ्यात ती जागा आपण जवळ गेलो की अजून लांब सरकते.

तुमचं काय आहे ते ओळखायला मला एकच टेस्ट उपयोगी वाटते. चूक झाली त्या क्षणी मनात जे वाक्य येतं ते पकडा, जमलं तर लगेच कागदावर लिहा. ते वाक्य कामाबद्दल आहे की तुमच्याबद्दल? "हा डोळा मोठा झाला", "तानेत दुसरा सूर उतरला", "हा संवाद पुस्तकी वाटतोय" ही कामाबद्दलची वाक्यं, यातून पुढे काहीतरी करता येतं. "मला जमतच नाही", "मी उगाच स्वतःला कलाकार म्हणवते", "लोकांना आता कळणार मला काही येत नाही" ही तुमच्याबद्दलची. दुसऱ्या प्रकारची वाक्यं जास्त येत असतील तर तुमची पातळी उंच आहे म्हणून त्रास होत नाहीये, प्रत्येक कामात तुम्ही स्वतःची किंमत पणाला लावताय म्हणून होतोय. आठवडाभर ही वाक्यं लिहून ठेवा, खरंच ठेवा, मी ठेवली होती आणि 23 पैकी 19 माझ्याबद्दलची निघाली. चित्राबद्दलची फक्त चार. साडेचार तास त्या डोळ्यावर मी का बसले होते ते मला त्या दिवशी समजलं.

अजून एक बघा, हा दबाव येतो कुठून. पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट यांनी 1991 मध्ये परफेक्शनिझमचे तीन प्रकार सांगितले, स्वतःकडून निर्दोषपणाची अपेक्षा, दुसऱ्यांकडून अपेक्षा, आणि जग आपल्याकडून निर्दोषपणाची अपेक्षा करतंय असं वाटत राहणं. तिसरा प्रकार सगळ्यात जास्त पोखरतो. आणि तो वाढतोय. थॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी अमेरिका, कॅनडा, ब्रिटनमधल्या 41 हजारांपेक्षा जास्त कॉलेज विद्यार्थ्यांची 1989 ते 2016 या काळातली माहिती एकत्र करून बघितली, तर तिन्ही प्रकार वाढलेले दिसले आणि हा तिसरा सगळ्यात जास्त, सुमारे 33 टक्क्यांनी. आता कलाकाराचा विचार करा, ज्याच्या खिशात फोन आहे आणि फोनमध्ये जगातल्या हजार उत्तम चित्रकारांची निवडून निवडून टाकलेली चित्रं आहेत. आपली फाटलेली स्केचबुकं आपण रोज बघतो, त्यांची फाटलेली स्केचबुकं आपल्याला दिसत नाहीत.

कल्पकतेचं काय होतं

नवीन काही सुचणं आणि सुचलेल्यातलं निवडणं ही दोन वेगळी कामं आहेत. सुचताना वाकडंतिकडं, अर्धवट, मूर्खासारखं वाटणारं पण येऊ द्यावं लागतं, निवडताना कठोर व्हावं लागतं. परफेक्शनिझम काय करतो, तर निवडणाऱ्याला सुचण्याच्या दारातच आणून उभा करतो. मग जे आत येतं ते फक्त ओळखीचं, आधी जमलेलं, सुरक्षित. म्हणून असे कलाकार कौशल्याने भारी होत जातात पण चित्रं सारखीच यायला लागतात, तीच मान, तोच प्रकाश, तोच रंगांचा सेट. गॉड्रो यांच्या सहकाऱ्यांनी 2022 मध्ये विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास आहे, त्यात एखाद्या गोष्टीचे वेगवेगळे उपयोग सुचवा अशा प्रकारच्या चाचण्या होत्या, आणि उत्कृष्टता धरून चालणाऱ्यांना निर्दोषपणा धरून बसणाऱ्यांपेक्षा जास्त आणि जास्त वेगळ्या कल्पना सुचल्या.

दुसरं नुकसान साध्या हिशोबाचं आहे. मानसशास्त्रज्ञ डीन सायमंटन यांनी आयुष्यभर मोठ्या निर्मात्यांच्या कामाचा अभ्यास केला आणि त्यांना दिसलं की ज्यांनी जास्त उत्तम कामं केली त्यांनी एकूणच जास्त कामं केली, आणि त्यांची फसलेली कामंसुद्धा जास्त. उत्तम काम कुठलं ठरणार हे करणाऱ्यालाही आधी नीट सांगता येत नाही. म्हणजे वर्षात तीनच चित्रं काढून तिन्ही उत्तम यावीत अशी इच्छा धरणं म्हणजे तीनच थेंबात तळं भरायची वाट बघणं.

आता त्या चार जागा.

सुरूच होत नाही

लक्षणं तुम्हाला माहीत असतील. चांगला कागद आणलाय पण तो "चांगल्या" चित्रासाठी ठेवलाय. स्केचबुकचं पहिलं पान कोरं आणि सुरुवात चौथ्या पानापासून. अजून एक कोर्स, अजून एक ब्रश, अजून थोडे रेफरन्स. कादंबरीच्या पात्रांची वंशावळ तयार पण पहिलं वाक्य नाही. याला आळस म्हणू नका आणि स्वतःला आळशी म्हणून अजून चाबूक मारू नका, जे काम सुरू झालं नाही ते मनात निर्दोष राहतं म्हणून ते सुरू होत नाही, इतकं साधं आहे ते.

इथे उपाय एकच आणि तो म्हणजे पांढरा कागद पांढरा राहू न देणं. चित्रकारांकडे याची शेकडो वर्षांची युक्ती आहे, कॅनव्हासवर आधी मातकट रंगाचा एक पातळ थर देऊन टाकायचा, इम्प्रिमातुरा म्हणतात त्याला. त्याचं तांत्रिक कारण टोनचं, म्हणजे रंगाच्या फिकट-गडदपणाचं आहे, पांढऱ्यावर मधला टोन चुकीचा दिसतो, पण मनावर होणारा उपयोगही तेवढाच, कागद "खराब" होऊन जातो आणि हात मोकळा होतो. स्केचबुक नवीन असेल तर पहिल्या पानावर ब्रश पुसा, पेनांची शाई तपासा, आणि मगच पुढे चला. लिहिणाऱ्यांनी पहिल्या वाक्याच्या नादी लागू नये, जो प्रसंग डोळ्यासमोर सगळ्यात स्पष्ट आहे, भले तो सातव्या प्रकरणातला असो, तिथून सुरू करावं. गाणाऱ्यांनी चाल सुचली की फोनवर गुणगुणून ठेवावी, शब्द नसले तरी, तंबोरा लावायची वाट बघू नये.

आणि वेळ बांधून घ्या, काम नाही. "आज चित्र काढायचं" असं ठरवलं की ते चित्र चांगलं यायची जबाबदारी येते. "आज 15 मिनिटं हात चालवायचा" असं ठरवलं की 15 मिनिटांनी तुम्ही पास झालेले असता, कागदावर काही का असेना. मी शिकवायला घेते तेव्हा पहिला पाऊण तास फक्त 30 सेकंद, एक मिनिट, दोन मिनिटांची माणसांची स्केचेस करून घेते, पेनने, खोडरबर नाही. 30 सेकंदात कोणालाही निर्दोष हात काढता येत नाही, मी सांगायची गरजच पडत नाही, हात स्वतःच सोडून देतो.

मध्यावर अडकणं

वाद्य शिकणाऱ्यांत हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. चूक झाली की थांबायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं. परत चूक, परत पहिल्यापासून. महिनाभराने काय होतं, तर सुरुवातीच्या ओळी इतक्या घोटून झालेल्या असतात की झोपेतही वाजतील आणि शेवटचा भाग कच्चा, कारण तिथपर्यंत पोचणंच कमी वेळा झालं. आणि खरं नुकसान वेगळंच, चुकल्यावर थांबायची पक्की सवय लागलेली असते, मग लोकांसमोर चूक झाली की हात तिथेच गोठतो. याला दोन वेगळे रियाज ठेवा. एक दुरुस्तीचा, त्यात नेमकी चुकणारी जागा घ्यायची, तिच्या एक ओळ आधीपासून एक ओळ नंतरपर्यंत, हळू लयीत. दुसरा न थांबण्याचा, त्यात काहीही झालं तरी शेवटपर्यंत जायचं, सूर सुटला तर सुटला, पुढची सम गाठायची. दोन्ही एकाच बैठकीत मिसळू नका. आणि कधी कधी शेवटच्या भागापासून मागे मागे येत तयारी करा, म्हणजे वाजवताना आपण कच्च्याकडून पक्क्याकडे जातो.

चित्र आणि लेखनात हेच तत्त्व मी चिठ्ठीने करते. काम करताना शेजारी एक कागद ठेवायचा, शंका आली की हातातलं न थांबवता तिथे लिहायचं, "मानेची सावली?", "दुसरा परिच्छेद लांबला?" बास. दुरुस्त नाही करायचं. बैठक संपल्यावर किंवा दुसऱ्या दिवशी चिठ्ठी काढायची. माझा अनुभव आहे की त्यातल्या निम्म्या शंका सकाळी वाचल्यावर कळतच नाहीत, कुठली सावली, ती तर ठीक दिसतेय. ज्या उरतात त्या खऱ्या.

डिजिटल वर काम करणाऱ्यांसाठी दोन शब्द जास्त, कारण तिथे कागद फाटत नाही आणि म्हणून थांबवणारं कोणीच नसतं. 600 टक्के झूम करून पापणीचा एकेक केस करायचा आणि बघणारा ते चित्र फोनवर दोन बोटांएवढं बघणार. झूमला मर्यादा घाला, पहिल्या तासात पूर्ण चित्र स्क्रीनवर दिसेल एवढंच. एका कोपऱ्यात चित्राची छोटी प्रत कायम उघडी ठेवा, बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये दुसरी विंडो उघडता येते, चित्र चाललंय की नाही ते त्या छोट्या प्रतीत कळतं. आणि आठवड्यातून एक चित्र अंडू (केलेलं मागे घ्यायची सोय) न वापरता काढा. पहिल्या वेळी फार जड जातं, डावा हात आपोआप कंट्रोल झेडकडे जातो, तेव्हा कळतं आपण एका रेषेसाठी किती वेळा मागे जात होतो.

शेवट होत नाही

ही माझी जागा. त्यामुळे यावर जास्त लिहिणार आहे.

शेवटी अडकणाऱ्याला वाटतं की चित्र पूर्ण झालं की आपल्याला आतून कळेल, एक शांतता येईल, मग ब्रश खाली ठेवू. ती शांतता येत नाही. कारण काम करताना आपली नजरही तयार होत असते, चार तासांपूर्वी न दिसणाऱ्या चुका आता दिसतात, आणि त्या दुरुस्त करेपर्यंत नजर अजून पुढे गेलेली असते. शिल्पकार-चित्रकार अल्बर्टो जियाकोमेत्ती यांचं उदाहरण यात फार बोलकं आहे. 1964 मध्ये पॅरिसमध्ये त्यांनी जेम्स लॉर्ड नावाच्या अमेरिकन लेखकाचं चित्र काढायला घेतलं, एका दुपारचं काम म्हणून, आणि ते 18 बैठका चाललं. रोज चेहरा उभा राहायचा आणि रोज ते पुसून टाकायचे. लॉर्ड मात्र बैठक संपली की चित्राचा फोटो काढून ठेवत होते, म्हणून आज आपल्याला ते सगळे पुसलेले चेहरे बघता येतात. फ्रेंच चित्रकार बोनार यांच्याबद्दल तर अशी आठवण सांगतात की म्युझियममध्ये टांगलेल्या स्वतःच्या चित्रावर ते लपून रंग लावायचे आणि मित्र पहारेकऱ्याला बोलण्यात गुंतवायचा.

म्हणून पहिली गोष्ट, "झालं" म्हणजे काय ते सुरू करण्याआधी ठरवा आणि लिहा. मी कागदाच्या मागच्या बाजूला पेन्सिलने लिहिते, तीन ओळी, जास्त नाही. आजींच्या पुढच्या चित्रामागे लिहिलं होतं: नजर समोर हवी. डावीकडून येणारा उजेड कळला पाहिजे. हनुवटीखालची सैल कातडी हवी. या तीन झाल्या की चित्र झालं, मग कान कसाही येवो. ही यादी काम चालू असताना वाढवायची नाही, अजून काही सुचलं तर ते पुढच्या चित्रामागे लिहायचं. लेखात सुद्धा करता येतं, वाचणाऱ्याला शेवटी कोणत्या दोन गोष्टी कळल्या पाहिजेत ते आधी लिहायचं, त्या कळत असतील तर लेख झाला.

दुसरी, टप्प्याटप्प्याला फोटो. लॉर्डनी केलं तेच, दर अर्ध्या तासाने अलार्म लावून. आणि शेवटच्या टप्प्यात आलात की आत्ताचा फोटो आणि अर्ध्या तासापूर्वीचा फोटो शेजारी ठेवून स्वतःला विचारा, हे जास्त चांगलं झालंय की फक्त वेगळं झालंय? हा प्रश्न माझ्यासाठी सगळ्यात कामाचा ठरला. शेवटच्या तासातले बहुतेक बदल वेगळं करणारे असतात. सलग दोन फोटोंत उत्तर "वेगळं" आलं की मी ब्रश धुते, चर्चा नाही.

तिसरी, चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवा आणि रात्र जाऊ द्या. सकाळी आरशात बघा किंवा उलटं धरून बघा. लिओनार्दोने आपल्या टिपणांत चित्रकारांना हेच सांगून ठेवलंय, काम आरशात बघावं म्हणजे दुसऱ्या कोणाचं असल्यासारखं दिसतं आणि चुका कळतात, आणि मधून मधून काम सोडून लांब जावं म्हणजे परत आल्यावर पारख चांगली होते. आता तुम्ही म्हणाल की याच लिओनार्दोने मोनालिसा 1503 च्या सुमाराला सुरू केली आणि 1519 मध्ये मरेपर्यंत ती स्वतःजवळच ठेवली. खरंय. त्याची कितीतरी कामं अर्धवट राहिली. ती पूर्ण झाली असती तर आपल्याकडे अजून काय काय असतं हा विचार मला नेहमी येतो.

चौथी, दुरुस्त्या मोजून. रात्र गेल्यावरही काही खटकत असेल तर तीन दुरुस्त्या करायच्या, आधी लिहून, आणि त्या झाल्या की सही. वॉटरकलरमध्ये तर हे पाळाच, कारण तिथे रंग अर्धवट ओला असताना परत ब्रश लावला की फुलकोबीसारखे डाग फुटतात आणि जास्त वेळा लावला की रंगाचा चिखल होतो. ऑइलमध्ये सुधारायला जागा खूप असते, म्हणूनच ऑइलवाले जास्त वर्षं अडकतात असं माझं मत आहे.

पाचवी, कोणालातरी तारीख द्या. स्वतःला दिलेली तारीख स्वतःच मोडता येते. मैत्रिणीला सांगा की शनिवारी संध्याकाळी सहा वाजता चित्र जसं असेल तसं तुझ्या हातात देणार. जसं असेल तसं, हे शब्द महत्त्वाचे.

एक मात्र सांगते, काही जागा खरंच निर्दोषपणा मागतात. कागद आम्लमुक्त आहे का, रंग उन्हात उडणारा नाही ना, छापायला जाणाऱ्या मजकुरात नाव चुकलं नाही ना, मूर्तीच्या आतली सळई वजन पेलेल ना. तिथे काटेकोर राहा, मनापासून राहा. तुमचा सगळा हट्ट तिथे खर्च करा.

झाल्यावरचा त्रास

काहींचं काम होतं पण ते बाहेर येत नाही. ड्रॉवरमध्ये जातं, नाहीतर फाडलं जातं. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांनी 1908 मध्ये प्रदर्शन तोंडावर असताना कमळांची निदान 15 चित्रं नष्ट केली, प्रदर्शन पुढे गेलं आणि 1909 मध्ये 48 चित्रांसह झालं. चित्रकार फ्रान्सिस बेकन 1992 मध्ये गेले तेव्हा त्यांच्या स्टुडिओत सुमारे 100 फाडलेले कॅनव्हास सापडले. जर्मन संगीतकार ब्राम्स यांनी पहिली दोन स्ट्रिंग क्वार्टेट्स (चार तंतुवाद्यांसाठीच्या रचना) 1873 मध्ये प्रकाशित करण्याआधी, त्यांच्याच सांगण्यानुसार, सुमारे 20 फाडून टाकली होती.

ब्राम्स यांच्याबद्दल थोडं थांबते, कारण "परफेक्शनिझमनेच ते मोठे झाले" असं मला नेहमी ऐकवलं जातं. त्यांच्या पहिल्या सिंफनीच्या (मोठ्या वाद्यवृंदासाठीच्या रचनेच्या) पहिल्या भागाचा खर्डा 1862 मध्ये तयार होता, त्यांची मैत्रीण, पियानोवादक क्लारा शुमान यांना त्यांनी तो पाठवलाही होता. ती सिंफनी लोकांसमोर आली 1876 मध्ये, बेथोवनच्या नंतर सिंफनी लिहायची म्हणजे काय याचं दडपण होतं त्यांच्यावर. आणि दुसरी सिंफनी? 1877 मध्ये, पुढच्याच वर्षी. पहिली हातातून सुटली आणि दुसरी वर्षात आली. शिवाय त्या 14 वर्षांत ते हातावर हात ठेवून बसले नव्हते, दुसरं भरपूर संगीत लिहीत आणि प्रकाशित करत होते. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही हे मला मान्य आहे, पण घाव दगडावर पडायला हवेत, मूर्तिकाराच्या हातावर नाही.

तर नियम: 90 दिवस काहीही फाडायचं नाही, डिलीट करायचं नाही. फाइल असेल तर वेगळ्या फोल्डरमध्ये, कागद असेल तर एका खोक्यात, वर तारीख. 90 दिवसांनी बघा आणि मग फाडायचं तर फाडा. माझ्या खोक्यातलं अजून एकही फाडावंसं वाटलं नाहीये, काही चित्रं चांगली नाहीत, पण त्यांच्यात पुढच्या चित्राचं काहीतरी दिसतं.

दाखवताना आधी चुका सांगायची सवय असेल तर ती बंद करा, "हात नीट आला नाहीये हं" असं तुम्ही म्हटलंत की समोरच्याला हातच दिसणार. गप्प राहून फक्त द्या. आणि "कसं वाटलं?" असं विचारू नका, त्याचं उत्तर "छान" येतं आणि आपला त्या छानवर विश्वास नसतो. नेमकं विचारा, "तुझी नजर आधी कुठे गेली?", "कुठे कंटाळा आला?" यातून कामाला काहीतरी मिळतं आणि तुमच्या किमतीचा विषय मध्ये येत नाही.

शिकवणाऱ्यांना आणि घरातल्यांना एवढंच, मुलाचं चित्र बघून "किती हुशार आहेस" म्हणण्यापेक्षा "हा निळा कसा केलास?" विचारा. हुशार आहेस म्हटलं की पुढचं चित्र हुशारी सिद्ध करायला काढलं जातं.

आणि हे सगळं करूनही जर झोप जात असेल, कामाच्या विचाराने जीव घाबरा होत असेल, आपण असून नसून सारखेच असं वाटायला लागलं असेल, तर हे घरगुती उपायांचं काम नाही, समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. परफेक्शनिझमवर कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला मदत करणारा उपचार, वापरतात आणि त्याने फरक पडतो. त्यात कमीपणा काही नाही, मनगट दुखलं तर आपण दाखवतोच ना.

कुठून सुरू करू असं विचाराल तर आज फक्त ती वाक्यं लिहायला घ्या, चूक झाल्यावर मनात येणारी, आठवडाभर. त्यातून तुमची जागा कळेल, मग त्याच जागेचे उपाय घ्या, बाकीचे सोडून द्या. चारही जागा एकदम सुधारायला जाऊ नका, तो परत तोच हट्ट झाला.

आजींचं चित्र मी त्यानंतर दोन महिन्यांत 11 वेळा काढलं. प्रत्येकामागे तीन ओळी, प्रत्येकाला एक संध्याकाळ, सकाळी तीन दुरुस्त्या, सही. तिसऱ्यात उजेड सापडला, पाचवं पूर्ण फसलं, सातव्यात नजर आली. सातवं मी त्यांना नेऊन दिलं आणि काही न बोलता उभी राहिले, फार कठीण गेलं, डावा डोळा त्याही चित्रात किंचित मोठा आहे. त्यांनी चष्मा लावला, कागद खिडकीशी नेला, हनुवटीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "अगं, ही तर माझी आई दिसतेय."